मंडईतल्या मावशींना, सलगमाच्या भाजीबद्दल

मावशी, सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्या नातवाकडून वाचून घ्या. गाळ्यावर तुमच्याशी बोलायला गेलं की तुम्ही "अहो, त्यात काय ताई" म्हणता आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या पिशवीत मेथी टाकता. माझं बोलणं तिथेच राहतं. म्हणून सगळं लिहून काढलंय, आणि चारचौघांसमोर लिहिलंय, कारण माझ्यासारखं स्वयंपाकघर पुण्यात घरोघरी असणार.

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. लेक 14 महिन्यांची होती. सासूबाई माळकरी, कांदा-लसूणही टाळणाऱ्या. नवऱ्याला रस्सा झणझणीतच हवा. आणि लेक वरणभाताशिवाय कशाला तोंड लावत नव्हती. रोज सकाळी तीन वेगळी पातेली चढायची आणि ऑफिसला निघेपर्यंत माझा जीव मेटाकुटीला यायचा. तिच्या पोटात भाजी जात नाही, याची काळजी तर रात्री झोपतानाही डोक्यात असायची.

सलगम मी त्याआधी एकदा केला होता. एका मोठ्या दुकानातून आणलेले, पाला छाटलेले, चांगले दोन मुठींएवढे. नवलकोलासारखी चिरून भाजी केली. आत नुसते धागे आणि चव कडू. लेकीने पहिलाच घास थुंकला आणि पुढे कितीतरी दिवस पांढरी फोड दिसली की मान फिरवायची, मग तो बटाटा का असेना.

म्हणून तुमच्याकडची पाटी बघून मी म्हणाले, "सलगम नको, कडू असतात." तुम्ही वाद घातला नाहीत. लिंबाहून जरासा मोठा एक सलगम उचललात आणि अंगठ्याचं नख त्याच्या सालीत रोवलंत. नख सहज आत गेलं, कडेने पाणी आलं. "नख जात नसेल तर तो जून झाला. मग माझ्याकडचा असला तरी घेऊ नका." सुरीने साल काढलीत तीही जाड, कारण कडवटपणा जास्त सालीतच असतो, आणि एक चकती माझ्या तळहातावर ठेवलीत. मुळ्याचीच जात वाटली, पण मुळ्याचा जाळ नाही, आणि मागाहून गोडसर. वरचा खांदा तेवढा जांभळा कसा, असं मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "तेवढा मातीच्या वर असतो, त्याला ऊन लागतं."

मंडईचा तो आठकोनी मनोरा 1886 पासून उभा आहे आणि मी लहानपणापासून आईचा हात धरून त्याच्याखालून फिरलेय. पण भाजी कशी निवडायची ते मला त्या दिवशी कळलं.

राजम्याबरोबर शिजवायची रीतही तुमचीच. म्हणजे पुण्यात शिकायला आलेली काश्मीरची पोरं हिवाळाभर तुमच्याकडून सलगम नेतात, त्यांच्यातल्या एकाने तुम्हाला सांगितलेली. तिकडे सलगमाला गोगजी म्हणतात. काश्मिरी पंडितांच्या घरात ही भाजी कांदा-लसणाशिवाय होते. हिंग, सुंठ आणि बडीशेपेची पूड एवढ्यावर तिची चव उभी असते. कांदा-लसूण नाही हे ऐकलं आणि मी तिथेच अर्धा किलो तोलायला सांगितलं.

राजमा रात्रभर भिजवला. ते पाणी ओतून देऊन नव्या पाण्यात कुकरला लावला आणि बोटाने दाबल्यावर पीठ होईल इतका शिजवला. (कच्चट राजमा मोठ्यांनाही बाधतो. लेकराला देताना यात कसूर नको.) सलगमाच्या फोडी हिंगाच्या फोडणीवर कडा तांबूस होईपर्यंत परतल्या, राजम्यात सोडल्या, सुंठ-बडीशेप घातली आणि सुरुवातीला झाकण न ठेवता मंद आचेवर शिजू दिल्या. सलगम मोहरी-कोबीच्या कुळातला. झाकून फार वेळ रटरटवला की उग्र वास धरतो, हे मी नंतर एकदा कुकरला चार शिट्ट्या काढून अनुभवलं.

मीठ-तिखट घालायला हात गेला आणि तुमचं वाक्य आठवलं: "लेकराची वाटी आधी काढायची, मग घरच्यांचं तिखट." मावशी, या एका वाक्याने माझी तीन पातेली एकावर आली. आधी लेकीची वाटी: दोन फोडी, दोन बोटांत धरल्या तर लोण्यासारख्या दबतील अशा, चमचाभर राजमा सालं काढून कुस्करलेला, मऊ भात आणि तूप. मग उरलेल्यात मीठ आणि बेताचं तिखट, ते सासूबाईंना आणि मला. नवऱ्याच्या वाटीवर लाल तिखटाची वेगळी फोडणी. सलगम रस्सा पिऊन घेतो, त्यामुळे त्याला मटणाची आठवण झाली नाही, असं तो स्वतःहून म्हणाला. सासूबाईंनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

लेकीने मात्र खाल्लं नाही. पुढच्या आठवड्यात मी तुमच्याकडे तोंड पाडून आले तेव्हा तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "दहादा ताटात ठेवा. खा म्हणून मागं लागायचं नाही, उचलून फेकलं तर रागवायचं नाही, पण ठेवायचं." लहान मुलांना नवी चव आपलीशी व्हायला ती आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही जास्त वेळा समोर यावी लागते, हे बालरोगतज्ज्ञही सांगतात. मला ते तुमच्या ओट्यासमोर उभं राहून कळलं, आणि तुमच्या तोंडून ऐकलं म्हणून धीर आला.

मग मी ठेवत गेले. कधी राजम्यात, कधी मुगाच्या खिचडीत किसून, कधी भाजणीच्या थालीपिठात. नवव्या खेपेला तिने फोड उचलली, मुठीत दाबली. बोटांमधून गर बाहेर आला. तो तिने बराच वेळ बघितला आणि मग एकेक बोट चाटलं. मी ओट्याशी पाठमोरी उभी राहिले, कारण मी बघतेय हे कळलं असतं तर ती थांबली असती. वाटी पुसून खाल्ली तिने. मला रडू आलं, मावशी.

पाल्याचंही सांगायचंय. तुम्ही पाला छाटत नाही आणि कुणी छाटायला सांगितला तर कळवळता. बरोबरच आहे तुमचं. कॅल्शियम खालच्या गड्ड्यापेक्षा पाल्यात कितीतरी जास्त असतं. आमच्याकडे ते खातं आता सासूबाईंचं. हरभऱ्याची डाळ, डाळीचं पीठ आणि ताक लावून त्या पातळ भाजी करतात, अळूसारखी. मोठ्यांच्या भाजीत अख्खे शेंगदाणे, लेकीच्या वाटीत त्यांचं कूट, कारण अख्खा दाणा या वयात घशात अडकू शकतो. वर लिंबू पिळतात. डाळी-पाल्यातलं लोह अंगी लागायला क जीवनसत्त्वाची मदत होते आणि मांस न खाणाऱ्या घरात तर ही सवय हवीच. सासूबाई आधीपासूनच चवीसाठी पिळत आल्या आहेत.

मावशी, तुम्ही माझ्याकडून अर्ध्या किलोचेच पैसे घेतलेत. त्या दिवशी मागे रांग असताना तुम्ही दहा मिनिटं माझ्यासाठी थांबलात, त्याचे आभार कसे मानायचे ते मला अजून सुचलेलं नाही. मनापासून धन्यवाद.

लेक आता दोन वर्षांची झालीय आणि सलगमाला "गम" म्हणते. येत्या रविवारी आम्ही तिघी मेट्रोने मंडईला उतरतोय. सासूबाईंना तुम्हाला बघायचंय, पातळ भाजीचा डबा त्या घेऊनच येणार आहेत. दोन किलो कोवळे सलगम बाजूला काढून ठेवा, पाल्यासकट.

तुमची,
कोथरूडची ताई