पुजाऱ्याचं घर विकून सभामंडप बांधू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्याच पेपरात आतल्या पानावर एक जाहीर नोटीस आली होती, अगदी बारीक टाईपात, साताऱ्याजवळच्या एका गावातल्या देवस्थान ट्रस्टची. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण प्रश्न एका गावाचा नाहीये. ट्रस्टच्या मालकीचं पुजाऱ्याचं राहतं घर आणि रस्त्याकडेचे दोन गाळे विकायला काढलेत, ऑफर मागवल्यात, आणि येणाऱ्या पैशातून मोठा सभामंडप बांधणार आहेत. गावात ओळखीच्यांना फोन केला तर सगळे खूश, मंडप झाला की लग्नं लागतील, पारायणं होतील, बाहेरगावचे लोक येतील. मग पुजाऱ्याचं काय असं विचारलं तर म्हणाले बघू की, देऊ महिन्याला काहीतरी. मला याचंच फार वाईट वाटलं आणि म्हणून हे पत्र.

मी बरीच वर्षं वकिलांच्या ऑफिसात ट्रस्टची कामं केली, चेंज रिपोर्ट (म्हणजे ट्रस्टी वगैरे बदलल्याची नोंद), हिशोबपत्रकं, मिळकत विकायच्या परवानगीचे कलम ३६ चे अर्ज वगैरे. सगळ्या धर्मांच्या ट्रस्टचे कागद हाताखालून गेले. त्यावरून सांगतो, देऊळ असो चर्च असो की सिनेगॉग, म्हणजे यहुद्यांचं प्रार्थनास्थळ, इमारतीसाठी पैसे गोळा होतात, पाटी लावायला मिळते म्हणून लोक देतातही. पण रोज पहाटे कुलूप उघडणाऱ्या माणसाच्या पोटासाठी पावती फाडायला कोणी येत नाही. म्हणून जुन्या जाणत्या लोकांनी थोडी मालमत्ता वेगळी बांधून ठेवली, की हिच्या उत्पन्नावर या माणसाचं घर चालू दे.

यात मला बेने इस्रायली या आपल्याकडच्या यहुदी समाजाचं उदाहरण फार महत्त्वाचं वाटतं. ही मंडळी आपलीच, मराठी बोलणारी, कोकणात तेलाचे घाणे चालवायची आणि शनिवारी घाणा बंद ठेवायची म्हणून गावात त्यांना शनिवार तेली म्हणायचे. मुंबईतलं त्यांचं पहिलं सिनेगॉग सॅम्युएल दिवेकरांनी १७९६ साली बांधलं, अलिबागचं १८४८ चं, ठाण्याचं १८७९ चं. पुण्याचं लाल देऊळ तर आपल्यातल्या बऱ्याच जणांनी बाहेरून बघितलंय, तेही सिनेगॉगच, डेव्हिड ससून या बगदादहून आलेल्या यहुदी व्यापाऱ्याने बांधून दिलेलं. या बेने इस्रायली समाजात राबाय, म्हणजे शिकलेले धर्मगुरू, नव्हते, प्रार्थना चालवायची ती हझानने, म्हणजे सिनेगॉगच्या पुजाऱ्यासारख्या माणसाने. शब्बाथची म्हणजे शनिवारची प्रार्थना, तोरा या धर्मग्रंथाच्या गुंडाळीचं वाचन, लग्न, सुंता, मयत, सगळीकडे हाच माणूस लागतो. आणि पूर्ण सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष जमावे लागतात. १९४८ नंतर हजारो कुटुंबं इस्रायलला गेली, २०११ च्या जनगणनेत अख्ख्या देशात यहुदी भरले ४,६५०, त्यातले निम्म्याहून जास्त महाराष्ट्रातले. आता मला सांगा, जिथे दहा माणसं जमायची मारामार तिथे वर्गणीवर हझानचा पगार निघेल का? तिथे मागच्या पिढ्यांनी ठेवलेल्या मालमत्तेचं भाडं आलं तरच माणूस ठेवता येतो, नाहीतर इमारत उभी राहते पण प्रार्थना थांबते. उद्या आपली गावं पुण्या-मुंबईला रिकामी झाली (निम्मी झालीतच) की आपल्या देवळांचंही हेच होणार आहे हे लक्षात घ्या.

इंग्लंडमध्ये तर यासाठी वेगळ्या चॅरिटी असतात, त्यांचं काम एवढंच की सिनेगॉगसाठी आणि त्याच्या मिनिस्टरसाठी, म्हणजे तिथल्या धर्मगुरूसाठी, मालमत्ता धरून ठेवायची. आणि हा हक्क त्यांना सुखासुखी मिळालेला नाही बरं का. एलियास दे पास नावाच्या तिथल्या एका यहुदी गृहस्थाने मृत्युपत्रात १,२०० पौंड ठेवले होते, यहुदी धर्मशास्त्राचं पठण आणि शिक्षण कायम चालू राहावं म्हणून. प्रकरण कोर्टात गेलं, तेव्हाच्या कायद्याला ख्रिस्ती धर्माशिवाय दुसऱ्या धर्माचा प्रसार मान्य नव्हता, न्यायाधीश लॉर्ड हार्डविकने ते दान त्या कामासाठी अवैध ठरवलं आणि १७५४ साली त्यातले १,००० पौंड लंडनच्या फाउंडलिंग हॉस्पिटलला, म्हणजे टाकून दिलेल्या मुलांच्या संस्थेला, तिथे ख्रिस्ती उपदेशक ठेवायला आणि मुलांना ख्रिस्ती शिकवण द्यायला दिले गेले! दिलं कशासाठी आणि गेलं कुठे. पुढे १८४६ च्या कायद्याने यहुद्यांना त्यांच्या प्रार्थनास्थळांसाठी, शाळांसाठी अशा मालमत्ता धरता यायला लागल्या. मी हे वाचलं तेव्हा खूप अस्वस्थ झालो, कारण तिथे परक्या सत्तेने जे केलं ते आपण इथे ठराव करून, सह्या करून, आपल्याच हाताने करतोय.

आपल्याकडे कायदा चांगला आहे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या व्याख्येत देऊळ, मठ, चर्च, सिनेगॉग, अग्यारी सगळं येतं. कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या आधी घेतलेल्या परवानगीशिवाय ट्रस्टची स्थावर मिळकत विकता येत नाही, बक्षीस देता येत नाही, शेतजमीन दहा वर्षांपेक्षा जास्त आणि बिगरशेती जागा किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त भाडेपट्ट्याने देता येत नाही. कूळकायद्यातसुद्धा ८८ ब खाली देवस्थानांच्या जमिनींना सूट ठेवली, पण अट अशी की ट्रस्ट रजिस्टर पाहिजे आणि जमिनीचं सगळं उत्पन्न त्याच कामासाठी गेलं पाहिजे. आपल्या भागातल्या कितीतरी सातबाऱ्यांवर अजून देवस्थान इनाम वर्ग ३ असं लिहिलेलं दिसतं, मालक म्हणून देवाचं नाव आणि खाली वहिवाटदार म्हणून गुरवाचं. दिवाबत्ती, नैवेद्य, पूजाअर्चा अशी कामं ठरवून दिलेली ती जमीन.

त्या गावातलं घर मी पाहिलंय. दोन खोल्या, कौलारू, मागच्या दाराने चार पावलांवर देवळाची ओवरी. गुरवकाका पहाटे साडेचारला उठून गाभारा उघडतात, समई घासतात, रात्रीचं निर्माल्य काढतात, मग देवाला पाणी. घरात फळीवर तेलाचा डबा, वातींची पुडी, घंटेची दोरी तुटली तर जादाची दोरी, सगळं देवाचंच सामान. ते घर विकलं तर काका स्टँडच्या पलीकडे भाड्याने राहणार, आणि साठीच्या पुढचा माणूस पावसाळ्यात पहाटे तिथनं चालत येणार का?

ट्रस्टी म्हणतात गाळ्यांचं भाडं अगदीच किरकोळ येतं. येतं, मान्य. पण ते वाढवलं कोणी नाही! १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात वर्षाला चार टक्के वाढ करता येते, ती एकदाही केली नाही कारण गाळेधारक गावातले, वाईटपणा कोण घेणार. वसूल न केलेलं भाडं म्हणजे मिळकत निरुपयोगी असं होत नाही ना. गाळे पाडून दुमजली बांधा, मालकी ट्रस्टकडे ठेवा, रीतसर परवानगी काढून द्या भाड्याने, मंडपही हळूहळू होईल वर्गणीतून.

दुसरी बाजूही लिहितो, काही ठिकाणी पुजाऱ्याची घरची मंडळी ते घर वडिलोपार्जित समजून बसतात, सेवा सोडली तरी घर सोडत नाहीत, मग कोर्टकचेरी. हेही बरोबर नाही. सेवा आहे तोवर घर, असा साधा करार आधीच लिहून ठेवला की दोन्हीकडचा त्रास वाचतो, आणि म्हाताऱ्या पुजाऱ्याला किंवा त्याच्या विधवेला मुदत किती द्यायची तेही त्यातच लिहावं, पावसाळ्यात बाहेर काढायची वेळ येऊ नये.

त्या गावच्या आणि इतरही गावच्या वाचकांना विनंती, नोटीस बघून सोडून देऊ नका. जो त्या देवळात दर्शनाला जातो, ज्याला तिथे जायचा हक्क आहे, तो कायद्याने 'हितसंबंधित व्यक्ती' असतो, त्याला हरकत घेता येते. धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट एकच्या, म्हणजे ट्रस्टच्या नोंदवहीच्या, उताऱ्याची नक्कल काढा, ट्रस्टची घटना काढा, ती मिळकत कशासाठी दिली होती ते बघा, आणि मुदतीत लेखी अर्ज द्या. अर्जात नुसतं विकू नका एवढंच लिहू नका. विक्री अगदी टळतच नसेल तर आयुक्तांना परवानगी देताना अटी घालता येतात, तेव्हा अशी अट मागा की पैसे कायम ठेव म्हणून ठेवावेत, व्याज पुजाऱ्याच्या मानधनाला आणि घरभाड्यालाच जावं, बांधकामाला त्यातला एक रुपया लागू नये. आणि संपादकसाहेब, तुम्हालाही विनंती, अशा नोटिसा आल्या की तुमच्या तालुका बातमीदाराने दोन ओळींची बातमी तरी द्यावी, मुदत संपायच्या आत.

आपला एक वाचक,
सातारा