ताटलीतलं गवत आणि दारातल्या चेटकिणी

टांपेरे, फिनलंड
२१ एप्रिल २०२५, ईस्टरचा सोमवार

ती. आईस,
शि. सा. न.

फोनवर तुझे प्रश्न संपत नाहीत आणि माझी उत्तरं अर्धवट राहतात. आज सुट्टी आहे, मुस्ती सकाळी तळ्याकाठी मनसोक्त हुंदडून आलाय आणि आडवा झालाय. तो उठेपर्यंत लिहून काढते.

तू विचारलंस, फ्लॅटमध्ये एवढी झाडं आणि त्यात कुत्र्याचं पिल्लू, हे जमतं कसं? जमतं, पण घराची मांडणी बदलावी लागते. पूर्वी माझी झाडं जमिनीवर, खिडकीच्या कडेनं असायची. मुस्ती आला आणि मॉन्स्टेरा, पीस लिली, सापासारख्या पट्ट्यांचं सॅन्सेव्हिएरिया अशी सगळी मंडळी उंच फळ्यांवर गेली, कारण ही पानं कुत्र्यानं चावली तर तोंडाची आग तरी होते नाहीतर पोट तरी बिघडतं. कोरफडसुद्धा वर गेली. आपल्याकडे ती औषध म्हणून अंगणात असते, पण कुत्र्याच्या पोटात गेली की उलट्या-जुलाब. नाताळात इथे घरोघरी जलकुंभीच्या फुलासारखे निळे-गुलाबी हायसिंथ आणि मोठाले लाल अमरिलिस ठेवतात. त्यांचे कंद तर जास्तच वाईट, म्हणून यंदा ते घरात आणलेच नाहीत.

तुळस आणि कढीपत्ता मात्र मजेत आहेत. डिसेंबरात इथे दिवस जेमतेम पाच-साडेपाच तासांचा, सूर्य क्षितिजाला चिकटून सरकतो, आणि खिडकीखालच्या रेडिएटरनं हवा कोरडी ठाक होते. तेव्हा दोघांना झाडांच्या दिव्याखाली ठेवते, सकाळी लावायचा, रात्री बंद करायचा. कढीपत्त्यानं हिवाळ्यात बरीच पानं टाकली होती, आता शेंड्याला नवी फूट आली आहे. आमटीला एकच डहाळी तोडते आणि तीही जपून.

झाडांपेक्षा मला धास्ती आहे ती झायलिटॉलची. बर्च झाडापासून काढता येणारी ही साखर दातांना चांगली, हे टुर्कू शहरातल्या संशोधकांनी १९७०च्या दशकात दाखवून दिलं. तेव्हापासून इथे जेवणानंतर झायलिटॉलची गोळी किंवा च्युइंगम ही सवयच आहे, पाळणाघरातल्या मुलांनाही देतात. पण कुत्र्याला हीच गोळी घातक ठरते. रक्तातली साखर झपाट्यानं उतरते, यकृत निकामी होऊ शकतं. हे मला शेजारच्या आजींनी मुस्ती घरी आला त्याच आठवड्यात सांगितलं, तेही जिन्यात थांबवून, दंडाला धरून. फिनिश माणसं अनोळखी माणसाशी सहसा बोलत नाहीत, असं तू वाचलं आहेस ना? पिल्लू बरोबर असलं की बोलतात, आणि अगदी कामाचं बोलतात. आता बर्फ वितळून हिवाळाभराचा कचरा उघडा पडलाय, त्यामुळे फिरताना माझं लक्ष सतत त्याच्या तोंडाकडे.

याच आजींमुळे यंदाचा ईस्टर मला खऱ्या अर्थानं कळला. सणाच्या आधी साधारण दोन आठवडे त्या एक पुडी घेऊन आल्या. राइरुओहो म्हणजे राय-गवताचं बी. उथळ ताटलीत मातीचा पातळ थर, त्यावर बी दाट पसरायचं, रोज पाणी शिंपडायचं आणि खिडकीत ठेवायचं. आई, मी ती ताटली हातात घेऊन बघतच राहिले. नवरात्रात तू घटाभोवतीच्या मातीत गहू पेरतेस, तेच की हे! फक्त हे वसंतात आणि ते शरदात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पांढरे कोंब दिसले, मग हिरवी पाती, आणि आठवड्याभरात बोटभर उंच गालिचा. आजी त्यात पिवळी कापडी कोंबडीची पिल्लं आणि रंगवलेली अंडी ठेवतात. आमच्या ताटलीचा एक कोपरा मुस्तीनं भादरला आहे. हे गवत त्याला बाधत नाही, म्हणून तो कोपरा मी त्याच्याच नावे केला.

पण खरी गंमत १३ तारखेच्या रविवारी झाली. ईस्टरच्या आधीचा हा पाम संडे. सकाळीच बेल वाजली आणि दारात तीन चिमुरड्या चेटकिणी! डोक्याला रंगीत रुमाल, गालांवर रंगवलेले ठिपके, आजीचा असावा असा लांब स्कर्ट, एकीच्या हातात जुनी कॉफीची किटली. प्रत्येकीकडे विलो नावाच्या झाडाच्या काटक्या, त्यांवर मऊ करडे कोंब आलेले आणि रंगीत पिसं बांधलेली. आधी त्यांनी शिस्तीत विचारलं, चालेल का? मी हो म्हटल्यावर काटक्या माझ्याकडे हलवत एका सुरात म्हणाल्या, ‘विर्वोन, वार्वोन, तुओरेक्स, तेर्वेक्स...’ म्हणजे येत्या वर्षासाठी तू ताजीतवानी राहा, निरोगी राहा. शेवट असा की काटकी तुला, बक्षीस मला. ती काटकी तुमच्याकडे राहते आणि तुम्ही त्यांच्या टोपलीत चॉकलेटचं अंडं टाकता.

आजी सांगत होत्या की यात दोन वेगळ्या चाली एक झाल्या आहेत. पूर्वेला, कारेलियातल्या ऑर्थोडॉक्स पंथाच्या ख्रिश्चन लोकांत पाम संडेला माडाच्या जातीच्या झावळ्यांऐवजी विलोच्या काटक्या आशीर्वादाला वापरत, कारण या थंडीत दुसरं कशाला कोंब येणार? पश्चिमेकडे ईस्टरच्या आदल्या रात्री चेटकिणी हिंडतात आणि गोठ्यातल्या जनावरांना बाधा करतात, अशी समजूत होती. मुलांनी दोन्ही उचललं, चेटकीण होऊन आशीर्वाद द्यायचा. पश्चिम किनाऱ्याकडे अजून ईस्टरच्या शनिवारीच मुलं निघतात आणि होळ्या पेटवतात. मला ही मुलांनी राखलेली परंपरा फार आवडली. मोठ्यांनी भाषणं करून ती टिकली नसती.

मुस्ती उत्तर फिनलंडातल्या लॅपलँडकडच्या रेनडिअर राखणाऱ्या कुत्र्यांच्या जातीचा, त्यामुळे घोळका दिसला की त्याला एकत्र हाकायचं हे त्याच्या रक्तातच आहे. तिघींभोवती भुंकत फेऱ्या मारून त्यानं त्यांना दाराशी गोळा केलं. सगळ्यात धाकटीनं मला विचारलं, याला पण म्हणू का? आणि उकिडवं बसून तिनं त्याच्या पाठीवरून काटकी फिरवत अख्खं गाणं पुन्हा म्हटलं. निघताना शेल्फाकडे बघून म्हणाली, झाडांना पण. मला तेव्हा भरून आलं. घरापासून इतक्या लांब कुणा अनोळखी पोरीनं माझ्या कुत्र्याला आणि माझ्या कढीपत्त्याला वर्षभराचं आरोग्य दिलं. त्या काटक्या पाण्यात ठेवल्या आहेत. विलोला पाण्यात सहज मुळं फुटतात, बघू.

खाण्याचं थोडक्यात सांगते. ईस्टरला इथे मेम्मी खातात. राय नावाच्या धान्याचं पीठ (आपली मोहरीची राई नव्हे) आणि मोड आणून दळलेलं धान्य पाण्यात शिजवून भट्टीत भाजलेला काळा, दाट, मंद गोड लगदा, वर साय आणि साखर. बाबांना नक्की आवडेल. फाझर कंपनी १८९६ पासून खऱ्या अंड्याच्या कवचात चॉकलेटचं सारण भरून विकते, ते त्यांच्यासाठी ठेवलंय, मुस्तीच्या नाकाला न पोचणाऱ्या कपाटात.

त्याला मोकळं सोडतेस का, असंही विचारलं होतंस. १ मार्च ते १९ ऑगस्ट पाच महिन्यांवरच्या कुत्र्याला बाहेर पट्टा लागतोच, कारण पक्षी घरटी करतात, रानात पिल्लं असतात. कायदाच आहे आणि लोक पाळतात. आणि साप आहेत, हो. विषारी जात एकच, क्यू म्हणतात, आणि याच दिवसांत तो उन्हाला खडकांवर येतो, म्हणून आम्ही पायवाट सोडत नाही. पट्टा काढायचा तो कुत्र्यांच्या कुंपणातल्या बागेत. तिथे मालकांपेक्षा कुत्र्यांची नावं आधी पाठ होतात. हेलसिंकी विद्यापीठाच्या पंचांगात माणसांच्या नावांना जसे ठरलेले दिवस असतात, तसे कुत्र्यांच्या नावांनाही असतात, त्यामुळे त्या दिवशी त्या कुत्र्याला सगळ्यांकडून खाऊ.

शनिवारी इमारतीचा ताल्कोत आहे. सगळे रहिवासी मिळून अंगण झाडायचं, पालापाचोळा गोळा करायचा, मग एकत्र सॉसेज भाजायचे. मी शाकाहारी सॉसेज आणि पोह्यांचा चिवडा नेणार आहे. त्यानंतर १ मेचा वाप्पू हा सण. त्यासाठी लिंबू, साखर आणि यीस्टचं सिमा नावाचं पेय घालते आहे. बाटलीतले मनुके वर तरंगले की ते तयार झालं. मनुकेही कुत्र्याला विष, त्यामुळे तेवढा वेळ मुस्ती आजींकडे.

आता तुमच्या येण्याचं. युहान्नुस या सणाच्या, म्हणजे यंदा २१ जूनच्या आधी पोचाल असं बघा. दिवस एकोणीस तासांहून मोठा असतो, दाराशी बर्चच्या फांद्या उभ्या करतात आणि तळ्याकाठी मोठी शेकोटी पेटवतात. ती बाबांनी बघायलाच हवी.

सामानाचं नीट ऐक. दूध-तुपाचं आणि मांसाचं काही युरोपीय संघाबाहेरून आणता येत नाही, म्हणून कंदी पेढे आणि घरचं तूप नको. बिया, रोपं, ताजा कढीपत्ताही नको, त्याला सरकारी वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं. पोस्टानंही पाठवू नकोस. गोडा मसाला, कुळथाचं पीठ आणि तुझ्या हातचा मेतकूट भरपूर आण. बाबांच्या गुडघ्यांना विमानात त्रास होईल, कडेची जागा घ्या. पासपोर्टची मुदत तपासून या आठवड्यात कळव, व्हिसासाठी निमंत्रणाचं पत्र मी लगेच पाठवते.

बाबांना नमस्कार, घरातल्या पोरांना खूप लाड.

तुझी,
धाकटी