‘द हे वेन’ची कॉपी करताना

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

इंग्रज चित्रकार जॉन कॉन्स्टेबलचं १८२१ चं ‘द हे वेन’, म्हणजे नदीच्या पाण्यातून जाणाऱ्या गवताच्या घोडागाडीचं चित्र, कॉपी करायला घेतोयस, हे वाचून फार आनंद झाला. मूळ चित्र १३० × १८५ सेंटिमीटर आहे. तू ३५ × ५० चा कॅनव्हास ताणून घे, प्रमाण बरोबर जुळतं. तयार मिळणारा ४० × ५० घेतलास तर आभाळ उगाच वाढवावं लागेल.

पांढऱ्यावर थेट हिरवा लावू नकोस. बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी रंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून फास, चिंधीने पूस आणि पूर्ण वाळू दे. तो तांबूसपणा झाडांच्या फटींतून दिसला पाहिजे. झाडांना एकच हिरवा कधीच पुरत नाही; पिवळट, करडा, तपकिरीकडे झुकणारा असे पाच-सहा हिरवे शेजारी शेजारी ठेव, घोटू नकोस. कॉन्स्टेबलच्या हिरव्यातलं हे मर्म फ्रेंच चित्रकार देलाक्रवाने आपल्या रोजनिशीत टिपून ठेवलंय.

आता घोडे. पाय पाण्यात शिरतात तिथे रेघ मारलीस की घोडे काचेवर उभे दिसतात. कड ओल्या रंगातच मोड. गडद घोड्याचं प्रतिबिंब घोड्यापेक्षा किंचित उजळ हवं, घराच्या पांढऱ्या भिंतीचं किंचित मळकट. गाडी रिकामी आहे आणि उजवीकडच्या दूरच्या कुरणाकडे निघालीय. उन्हाळ्यात लाकूड आकसून चाकाची लोखंडी धाव ढिली होते, पाण्यात ते फुगून घट्ट बसतं; तेव्हा चाकाचा ओला भाग गडद ठेव. घोड्यांच्या साजावरचा लाल मात्र शेवटी, स्वच्छ ब्रशने, अगदी थोडा. एवढ्याशा लालाने अख्खं हिरवं जागं होतं. मला या चित्रात सगळ्यांत प्रिय तोच.

पाण्यावरचे पांढरे ठिपकेही शेवटचे. जिथे खरोखर प्रकाश पडतो तिथेच दे, नाहीतर चुना उडाल्यासारखं दिसेल.

कुत्र्याजवळच्या काठावर एक अंधूक डाग दिसेल. तिथे आधी घोडेस्वार होता (लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधल्या पूर्ण आकाराच्या स्केचमध्ये तो आहे), मग पिंप आलं, आणि कॉन्स्टेबलने तेही रंगाखाली झाकलं. तैलरंग वर्षानुवर्षं पारदर्शक होत जातो, म्हणून पिंप आता वर डोकावतंय. तो डाग उतरवू नकोस. आणि तुझी एखादी चूक झालीच तर वरून नुसतं झाकू नकोस. ओला असतानाच रंग चाकूने खरवडून काढ.

तुझा,
अनंत