किट-किट अँटेनाची नव्हे

इंदूर, रविवार

प्रिय अव्या,

दिवाळीपासून तुला चार ओळी लिहिल्या नाहीत, मनाला लागून राहिलंय. आई बरी आहे, गुडघे तसेच.

रामबागेतल्या पोरांनी जीएनयू रेडिओत, म्हणजे पडद्यावर चौकोन (ब्लॉक) बाणांनी जोडून रेडिओ बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, एफएम रिसीव्हर जोडलाय. डी-एम्फसिससाठी (प्रक्षेपणात वाढवलेले उंच स्वर परत खाली आणायला) एम्बेडेड पायथन ब्लॉक, म्हणजे स्वतःच्या पायथन कोडचा चौकोन, लिहिला आणि आवाजात किट-किट सुरू. सगळे अँटेनाच्या मागे लागलेत. घरी हे कुणाला सांगू? तुला एका ओळीत कळेल: फिल्टरची आठवण, म्हणजे मागचं आउटपुट, वर्क फंक्शनच्या (डेटा आला की दरवेळी चालणाऱ्या कोडच्या) आत ठेवलीय, तिथे ती दरवेळी पुसली जाते.

आपल्याकडे टाऊ, म्हणजे या फिल्टरचा कालांक, 50 मायक्रोसेकंद (तयार ब्लॉकमध्ये अमेरिकेचे 75 आयते भरलेले असतात, ते आधी बदलायला लावलं). सेकंदाला 48000 सॅम्पल्स घेतली तर फिल्टरचा गुणक येतो 0.659. म्हणजे प्रत्येक आउटपुटमध्ये मागच्याचा दोन-तृतीयांश वाटा. पण शेड्यूलर (ब्लॉक चालवणारा जीएनयू रेडिओचा भाग) वर्कला डेटा तुकड्या-तुकड्यांनी देतो, तुकडे सारखे असतीलच असं नाही. दर तुकड्याला एलफिल्टर (पायथनच्या सायपायमधलं फिल्टर फंक्शन) शून्यापासून निघाला की पहिली दहाएक सॅम्पल्स पडतात, तीच किट. झेडआय (फिल्टरची तीच आठवण) हा सेल्फवर, म्हणजे ब्लॉकच्या कायमच्या खात्यात, ठेवायचा, एलफिल्टरला द्यायचा आणि तो परत देईल तो पुन्हा सेल्फवर. बस्स.

मला घोर वेगळाच आहे. फ्रिक्वेन्सी सिंकवर (सिग्नलच्या आलेखावर) सगळं छान दिसतं, चौकोनांची टोकं निळी-नारिंगी, बाण जुळलेले, मग कोड उघडून बघतो कोण? उद्या हीच पोरं डिकोडर लिहितील, तिथे कानाला काही कळणार नाही. म्हणून एक सवय लावतोय: ऑप्शन्समध्ये कमाल आउटपुट 64 करा, म्हणजे एका तुकड्यात 64 पेक्षा जास्त सॅम्पल्स नकोत. सेकंदाला निदान 750 सांधे पडतात, लपलेली किट-किट सरळ भुणभुण होऊन कानात घुसते. शिवाय तोच डेटा सायपायमध्ये एकसंध फिल्टर करून फरक काढा.

बाकी नेहमीचंच. आउटपुटच्या अॅरेला [:] (आतल्या जागेतच भर, अशी पायथनची खूण) न लावता नवा अॅरे चिकटवला, बफर कोराच. इनिटच्या (ब्लॉक सुरू होताना एकदाच चालणाऱ्या कोडच्या) एका पॅरामीटरला डीफॉल्ट नव्हतं, ब्लॉकला पोर्टच (जोडायची टोकं) उगवेनात. टाऊचा स्लायडर हलवला तर सेल्फवरचा टाऊ बदलतो, पण गुणक इनिटमध्ये एकदाच काढलेला. तो वर्कमध्येच काढायला हवा.

तू म्हणशील, सी++ मध्ये लिहा. पुन्हा तेच भांडण! 48 हजाराला पायथन पुरतं रे. डोंगलच्या (रेडिओ पकडणाऱ्या यूएसबी तुकड्याच्या) सेकंदाला 24 लाख सॅम्पल्सवर फॉर लूप लावला तर मात्र तुझंच खरं. आणि आठवण सी++ मध्येही सांभाळावीच लागते, हे तू तेव्हाही कबूल केलं नव्हतंस.

वहिनींची बदली झाली का? धाकटीचं अॅडमिशन बडोद्यातच करताय ना? पोरांसाठी तुझी जुनी फ्लोग्राफ (जोडलेल्या चौकोनांची) फाइल पाठव, ती सेल्फवाली.

तुझा,
नंदू