दाराआधीचा वेळ

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

हृदयविकाराचा झटका येऊन तुमच्या विभागात दाखल झालेल्या रुग्णांचा वार्षिक अहवाल तयार करण्याचे काम यंदा तुझ्याकडे आले आहे, आणि पहिल्या पानावर कोणता आकडा ठेवावा असे तू विचारले आहेस: रुग्ण दारात आल्यापासून बंद पडलेली हृदयधमनी फुग्याने उघडेपर्यंत गेलेली मिनिटे, की दाखल झालेल्यांपैकी दगावलेल्यांचे प्रमाण. दोन्ही ठेव. पण त्या दोहोंच्या आधी आणखी एक रकाना हवा, जो बहुतेक अहवालांत नसतो किंवा असला तरी अर्धा कोरा असतो, आणि तो म्हणजे छातीत दुखायला लागल्याची वेळ.

धमनीत गुठळी होऊन रक्तपुरवठा तुटला, तरी त्या भागातला सगळा स्नायू एकदम मरत नाही. हृदयाच्या आतल्या थरापासून बाहेरच्या थराकडे नाश सरकत जातो. रायमर आणि जेनिंग्ज या संशोधकांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कुत्र्यांवरील प्रयोगांत धमनी ४० मिनिटे बंद ठेवून मोकळी केली, तेव्हा धोक्यात आलेल्या स्नायूपैकी सुमारे ३८ टक्के मेला होता. तीन तासांनी मोकळी केली तेव्हा ५७ टक्के, आणि सहा तासांनी ७१ टक्के. माणसाचे हृदय याच वेळापत्रकाने चालत नाही, कारण शेजारच्या धमन्यांतून थोडेफार रक्त येत असते आणि गुठळीही मध्येच सैल होऊन पुन्हा घट्ट बसते. तरीही उपचारातून जे वाचवायचे असते त्यातले बरेचसे पहिल्या दोन-तीन तासांतच हातचे जाते, आणि यातला मोठा भाग रुग्ण अजून घरी किंवा वाटेत असताना गेलेला असतो.

दारापासून पुढची मिनिटे मोजण्याची शिस्त मला अमान्य नाही. पहिला ईसीजी दहा मिनिटांत आणि धमनी ९० मिनिटांच्या आत उघडलेली, या दोन मर्यादांमुळे कॅज्युअल्टीतला आणि कॅथलॅबमधला, म्हणजे जिथे धमनी उघडतात त्या कक्षातला, किती तरी ढिलेपणा गेला. पण ही मिनिटे म्हणजेच निकाल असे समजण्यात काय फसगत आहे, ते अमेरिकेतील पाचशेहून अधिक रुग्णालयांच्या नोंदींवरून २०१३ मध्ये स्पष्ट झाले. जुलै २००५ ते जून २००९ या काळातल्या ९६ हजारांहून अधिक रुग्णांच्या त्या नोंदींत दारापासून फुग्यापर्यंतच्या वेळेचा मध्यक ८३ मिनिटांवरून ६७ मिनिटांवर आला होता, आणि रुग्णालयातील मृत्यूंचे प्रमाण मात्र पहिल्या वर्षी ४.८ टक्के होते ते शेवटच्या वर्षी ४.७ टक्के, म्हणजे जवळपास जागच्या जागी राहिले होते. पुढे २०१५ मध्ये झालेल्या विश्लेषणाने यातले कोडे बरेचसे उलगडले. एकेका रुग्णापुरते पाहिले तर लवकर उघडलेली धमनी जीव वाचवतच होती. पण पूर्वी जे कॅथलॅबपर्यंत नेलेच जात नव्हते असे अधिक गंभीर रुग्णही आता नेले जाऊ लागले होते, त्यामुळे सरासरी हलली नाही. आकडा बरोबर असूनही त्याचा अर्थ चुकू शकतो, तो असा.

दुखणे सुरू झाल्याची वेळ मिळवणे सोपे नाही. ‘छातीत दुखणे, सकाळपासून’ असे लिहिलेले केसपेपर तुझ्या हाताखालून शेकड्यांनी जातील, आणि त्यातली सकाळ पाचची की अकराची हे कोणालाही सांगता येणार नाही. निवासी डॉक्टरांना दोनच प्रश्न नेमाने विचारायला लाव: शेवटचे पूर्ण बरे कधी वाटत होते, आणि दुखणे येऊन-जाऊन होते की एकदा सुरू झाले ते थांबलेच नाही. मधुमेहाच्या, वयस्क आणि स्त्री रुग्णांमध्ये छातीत दुखण्याऐवजी नुसता दम लागणे, दरदरून घाम येणे किंवा मळमळणे एवढेच असू शकते. हे रुग्ण आम्लपित्त झाले असे समजून घरी जास्त थांबतात, आणि आल्यावर आपणही त्यांचा ईसीजी उशिरा काढतो, हे कटू असले तरी खरे आहे. दुसऱ्या रुग्णालयातून पाठवलेल्या रुग्णाची वेळ तुमच्या दारापासून मोजू नकोस. पहिला ईसीजी जिथे निघाला तिथपासून मोज. अँजिओप्लास्टी, म्हणजे फुग्याने धमनी उघडणे, १२० मिनिटांत शक्य नसेल तर निदान होताच गुठळी विरघळवणारे औषध देऊन मग रुग्ण पुढे पाठवावा, हा नियम तिथे पाळला गेला की नाही, तेही याच नोंदीतून कळेल.

मृत्यूंच्या आकड्याविषयी जरा सविस्तर लिहिते. झटका आलेल्याला कित्येक आठवडे अंथरुणात खिळवून ठेवायचे आणि वाट पाहायची, याला एके काळी उपचार म्हणत. तेव्हा दाखल झालेल्यांपैकी सुमारे तीस टक्के रुग्ण रुग्णालयातच दगावत. हृदयासाठी वेगळा अतिदक्षता विभाग असावा ही कल्पना ब्रिटिश हृदयरोगतज्ज्ञ डेस्मंड ज्युलियन यांनी १९६१ मध्ये मांडली, मॉनिटर आणि शॉक देण्याचे यंत्र खाटेजवळ आले, आणि केवळ ठोके बिघडून होणारे मृत्यू टळू लागल्याने ते प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. १९८८ च्या आयसिस-२ या चाचणीत १७,१८७ रुग्ण होते. ज्यांना ना ॲस्पिरिन मिळाले ना गुठळी विरघळवणारे स्ट्रेप्टोकायनेज त्यांच्यापैकी पाच आठवड्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या कारणांनी १३.२ टक्के दगावले, आणि दोन्ही मिळालेल्यांपैकी ८ टक्के. त्याच चाचणीतली एक गंमत तुझ्या कामाची आहे. रुग्णांचे गट पाडून निकाल द्या असा आग्रह झाला, तेव्हा संशोधकांनी राशीनुसारही गट पाडले, आणि मिथुन व तूळ राशीच्या रुग्णांना ॲस्पिरिन अपायकारक ठरल्याचे निघाले! तो अर्थातच निव्वळ योगायोग. तुमच्या विभागातल्या काहीशे रुग्णांचे वय, आठवड्याचा वार आणि कामाची पाळी (शिफ्ट) यांनुसार तुकडे पाडावेत असे कोणी सुचवलेच, तर हे दाखव.

तुकडे पाडायचेच असतील तर दाखल होतानाच्या अवस्थेनुसार पाड. रक्तदाब कोसळून शॉकमध्ये आलेल्या रुग्णांपैकी धमनी उघडूनही चाळीस ते पन्नास टक्के आजही वाचत नाहीत, आणि असे पाच रुग्ण जास्त आले की संपूर्ण विभागाची टक्केवारी वाईट दिसते. हृदयक्रिया बंद पडून पुन्हा सुरू केलेल्यांचेही तसेच. हा हिशेब नीट मांडला नाही तर त्याचा भुर्दंड रुग्णालाच पडतो. न्यूयॉर्क राज्यात अँजिओप्लास्टीचे निकाल जाहीर होऊ लागल्यावर तिथल्या शॉकमधल्या रुग्णांना इतर ठिकाणांच्या मानाने अँजिओप्लास्टी कमी मिळत असल्याचे अभ्यासांत दिसले. हात आखडता घेण्यामागे कोणाचा दुष्टपणा नव्हता, आकड्याची भीती होती. तुमच्या अहवालाने ती भीती वाढवू नये.

शेवटचा भाग डिस्चार्जनंतरचा. रुग्णालयातले मृत्यू मोजणे सोयीचे असते, पण रुग्ण चौथ्या दिवशी घरी पाठवला किंवा दुसरीकडे हलवला की तो आपल्या मोजणीतून निसटतो. म्हणून तीस दिवसांचा आकडा हवाच, आणि जमल्यास एक वर्षाचाही. धमनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी, म्हणजे स्टेंट, घातल्यावर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या, रक्तस्रावाचा धोका नसेल तर, साधारण वर्षभर घ्याव्या लागतात. दुखणे गेले म्हणून रुग्ण त्या मध्येच बंद करतो आणि स्टेंटमध्ये गुठळी होऊन परत येतो, तेव्हा तो ‘नवा रुग्ण’ म्हणून नोंदला जाऊ नये. हृदयाच्या पंपिंगचे, म्हणजे रक्त पुढे ढकलण्याच्या ताकदीचे, तसेच आहे. पहिल्या काही दिवसांच्या इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) दिसणारे पंपिंग पुष्कळदा खऱ्यापेक्षा कमी असते, कारण जिवंत असलेला पण बधिर झालेला स्नायू काही आठवड्यांनी पुन्हा हलू लागतो. छातीत शॉक देणारे यंत्र बसवण्याचा निर्णयही म्हणूनच निदान ४० दिवस थांबून घेतात. दुसऱ्या इकोची तारीख डिस्चार्ज कार्डावरच लिहिण्याची सवय विभागाला लाव, नाहीतर तो होत नाही.

तीस दिवसांनी फोन करण्याचे काम एकाच व्यक्तीकडे सोपव आणि तिला त्यासाठी वेळ दे. फोन लागला नाही म्हणून रुग्ण जिवंत धरू नकोस. ‘माहिती मिळाली नाही’ असा वेगळा रकाना ठेव आणि त्यातली संख्या मृत्यूंच्या शेजारीच छाप. कच्चा तक्ता तयार झाला की मला पाठव, मी वाचून तुला कळवीन.

तुझी,
आई