सहा वाजता लागणारे कुलूप

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२८ फेब्रुवारीला विज्ञान दिन झाला, शहरात भाषणे झाली, मुलींचे सत्कारही झाले. मी एका महाविद्यालयातून रसायनशास्त्राचा प्रयोगशाळा सहायक म्हणून निवृत्त झालो. भाषणांत न आलेले थोडे सांगतो.

बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला आमच्याकडे मुलीच जास्त. एम.एस्सी.लाही तेच. पण संशोधनाच्या लॅबची किल्लीची वही उघडली, की संध्याकाळी सहानंतरच्या सह्या झाडून सगळ्या मुलांच्या. सहानंतर मुलींना थांबू द्यायचे नाही, असा तोंडी हुकूम होता. लेखी कधीच नव्हता.

मोहोळहून एसटीने येणारी एक मुलगी पीएच.डी. करत होती. कॉलम, म्हणजे मिश्रणातले पदार्थ वेगळे करायची सिलिका भरलेली उभी नळी, एकदा लावला की निम्म्यात सोडता येत नाही; सिलिका कोरडी पडते, तडकते, दिवसाची मेहनत वाया. "मामा, एवढ्या टेस्ट ट्यूब भरेपर्यंत थांबू द्या ना," ती विनवायची. मी किल्ल्या वाजवत दारात उभा. दुसऱ्या दिवशी तिचे पुन्हा पहिल्यापासून. बरोबरीचा मुलगा रात्री दहापर्यंत बसायचा. तो तिच्या आधी प्रबंध देऊन मोकळा झाला. तो हुशार, ती संथ, असे स्टाफरूममध्ये ठरूनही गेले.

ज्यांच्या शोधासाठी आपण हा दिवस पाळतो त्या सी. व्ही. रामन यांनीच १९३३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत कमला भागवत, म्हणजे पुढच्या जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी, यांना बाई म्हणून प्रवेश नाकारला होता. त्या हटल्या नाहीत. प्रवेश मिळाला तो अटींवर; मार्गदर्शक म्हणतील तेव्हा रात्री उशिरापर्यंत काम करायचे, ही त्यातली एक, असे सांगतात. १९३९ साली त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. आमच्याकडे अट नेमकी उलटी!

अंधार पडल्यावर मुलगी स्टँडवर एकटी कशी जाणार, ही काळजी खोटी नाही. त्यासाठी आवारात दिवे लागतात, एखादी बाई वॉचमन लागते, स्टँडपर्यंत गाडी लागते. कुलूप स्वस्त पडते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांत पीएच.डी. करणाऱ्या स्त्रियांना २४० दिवसांपर्यंत प्रसूती व बालसंगोपन रजा आणि २ वर्षांपर्यंत जादा मुदत आहे. ही नोटीस मी बोर्डावर कधी लावल्याचे आठवत नाही, आणि नोटिसा लावायचे काम माझेच होते.

संशोधन केंद्र असलेल्या महाविद्यालयांनी निदान लॅबची वेळ तरी लेखी लावावी, मुलामुलींना एकच.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक, सोलापूर