सांगलीच्या हरभट रोडवरच्या त्या दादांना

दादा,

नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून हे असं चारचौघांत लिहितेय. गळ्यात व्यापारी संघटनेच्या मदत समितीचा बिल्ला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. एवढ्यावरून ओळख पटली नाही तर समितीतलं कुणीतरी तुम्हाला सांगेलच.

आमचं मॅचिंग सेंटर आहे. २००५ च्या पुराची खूण भिंतीवर आहे, तिच्याही वर हातभर माल चढवून आम्ही शटर ओढलं होतं. तेव्हा आयर्विन पुलापाशी कृष्णा ५३ फुटांच्या पुढे गेली होती, यंदा, २०१९ च्या ऑगस्टात, ५७ च्या. गौरी-गणपतीसाठी भरलेले खण, अस्तराचे ताके, टू बाय टूचं ब्लाउजचं कापड, सगळं पाण्यात. रंग एकमेकांत उतरले आणि वर गाळ बसला.

पाणी ओसरल्यावर माणसं फिरकलीच नाहीत असं नाही, पुष्कळ आली. एक साहेब उंबऱ्यातूनच डोकावून कागदावर काहीतरी खरडून गेले. विमा उतरवायच्या वेळी चहाला हक्काने येणारे गृहस्थ फोन उचलेनात. कुणी पाण्याच्या बाटल्या वाटल्या, पण त्यावर आधी स्वतःचा फोटो चिकटवून. आता तेच चेहरे प्रचाराच्या गाड्यांवर हात जोडून फिरताहेत.

मग तुमची पोरं पंप आणि घमेली घेऊन आली. संघटनेच्या सभासद आहात का, पावती फाडली होती का, कुणी विचारलं नाही. (आम्ही सभासद नाही, हे आता सांगून टाकते.) गाळ कसा निघाला, किती ट्रॉल्या भरल्या, ते लिहीत बसत नाही. पेठेतल्या प्रत्येकाने ते पाहिलंय.

मला लिहायचंय ते वेगळंच. बाकी ठिकाणी दुकानातलं दिसेल ते सरसकट ट्रॉलीत जात होतं, आणि त्यांचंही चुकत नव्हतं, वास सहन होत नव्हता. तुम्ही मात्र प्रत्येक वस्तू हातात धरून विचारत होता, "वहिनी, हे ठेवायचं की टाकायचं?" तीन पायांच्या स्टुलाबद्दलसुद्धा विचारलंत! मी आपली टाका, टाका म्हणत होते. मग रुबिया कापडाच्या रंगांचं जुनं शेड कार्ड आलं, फुगून जाड झालेलं, मागे मामंजींच्या हातचे पेन्सिलीने लिहिलेले भाव. माझ्या तोंडून शब्द फुटेना. तुम्ही पुन्हा विचारलं नाही. ते नेऊन गल्ल्यावर ठेवलंत, शेजारी कापड मोजायचा लोखंडी मीटर पुसून ठेवलात, आणि पुढचा ताका उचललात.

पूर आल्यापासून आमच्या दुकानाचं काय करायचं हे जो तो आम्हाला सांगत होता. मला कुणी विचारलं ते तेव्हा पहिल्यांदा.

तुमच्या स्वतःच्या दुकानाचं शटर त्या दिवशी उघडलंही नव्हतं, हे नंतर शेजाऱ्यांकडून कळलं. वार्षिक सभेत हार घालून घेणारे वेगळे आणि घमेली उचलणारे वेगळे, हे आमच्या पेठेला ठाऊक होतंच. पण ओझी उचलणाऱ्यालाही इतकं हळुवार वागायला सुचतं, याचं मला अजून नवल वाटतं.

दसऱ्याला दुकान उघडतोय. माल थोडा आहे, पण आहे. घरच्यांना घेऊन या. साड्यांचं पिको-फॉल आमच्याकडे, आणि खिशात हात घातलात तर भांडण होईल.

तुमची,
मॅचिंग सेंटरवाली वहिनी